शाहिराची बिदागी, शहराचे देणे

दरवर्षी 14 जानेवारीला, घरोघरी तिळगूळ वाटला जात असताना, नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, जालन्याहून भरून आलेल्या गाड्या छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठ गेटच्या अलीकडे थांबू लागतात. नागसेनवनाच्या रस्त्याने माणसे चालत निघतात. कडेवर पोरे, हातात निळे झेंडे, रस्त्याच्या कडेला पुस्तकांचे ठेले. 1994 साली याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले, त्याची ही आठवण. गेटच्या परिसरात पक्षोपक्षांचे, गटागटांचे मंच लागलेले असतात आणि त्यांवर गायन पार्ट्या बसलेल्या असतात. पेटी, ढोलकी, बेंजो, खंजिरी, मागे झील धरणारे दोघे-तिघे. गर्दी जमते ती त्यांच्या आवाजावर. मग निवेदक गायकाच्या कानाशी येतो आणि साहेब पोहोचल्याचे सांगतो. गाणे कडव्याच्या मधोमध थांबते, हारतुरे सुरू होतात आणि पेटीवाला पेटी उचलून मंचाच्या मागच्या बाजूला जाऊन बसतो.

या शहरात गाणे असे वेळ मारून नेण्यापुरते कधीच नव्हते. इथे गाणे हीच सभा होती. ज्यांच्या हाती वर्तमानपत्र पडत नव्हते, पडले तरी ते वाचता येत नव्हते आणि ज्यांच्या वस्तीत मतदानाखेरीज पुढारी फिरकत नव्हता, त्यांना आपले हक्क पेटी-ढोलकीवाल्यांकडून कळले. चळवळींचे श्रेय वाटताना नेते आठवतात, विचारवंत आठवतात. गायकांची बोळवण मात्र ‘आदी कलावंतांनी’ या दोन शब्दांत होते. आज हा मंच पोलिसांचा संशय, पक्षांची मालकी आणि डीजेच्या भिंती यांच्यात सापडला आहे. तो वाचवायचा असेल तर त्याने काय केले, हे आधी नीट सांगायला हवे.

ही कहाणी नोव्हेंबर 1938 पासून सांगता येते. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेल्या इथल्या इंटरमिजिएट कॉलेजच्या, म्हणजे आजच्या शासकीय कला व विज्ञान महाविद्यालयाच्या, वसतिगृहातली मुले प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागली. अधिकाऱ्यांनी मनाई केली तेव्हा मुलांनी संप पुकारला. पाहता पाहता हे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पोहोचले, गुलबर्ग्याकडे गेले. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने जागा दिली. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच.

त्या मुलांनी कुठल्या कचेरीवर दगड मारला नव्हता. ती फक्त एकत्र गायली होती. एकट्याच्या गुणगुणण्याची दखल कुठलेही सरकार घेत नाही. शंभर जण एका सुरात म्हणू लागले की तो जमाव होतो, त्याला शिस्त येते आणि आपण इतके जण आहोत हे त्या जमावाला स्वतःच्याच कानांनी ऐकू येते. बंदी घालणाऱ्यांना हे बरोबर उमगले होते. पुढे दहा वर्षांनी, 17 सप्टेंबर 1948 ला, मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. गाण्यावरच्या बंदीने ज्यांचे शिक्षण तुटले, त्यांच्यातले कितीतरी जण त्या लढ्यात होते.

गाणे हीच सभा, हे सर्वांत ठळकपणे दाखवले ते आंबेडकरी जलशांनी. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढच्या काळात त्याचे विचार तमाशाच्या साच्यात बसवून सत्यशोधक जलसे गावोगाव गेले. 1930 च्या दशकात, काळाराम मंदिर सत्याग्रहाने नाशिक परिसर ढवळून निघालेला असताना, भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी तोच साचा बाबासाहेबांच्या विचारासाठी हाती घेतला. कर्डकांनी पुढे आंबेडकरी जलशांवर पुस्तकही लिहून ठेवले.

या साच्यात काय काय बदलले, ते जवळून पाहण्यासारखे आहे. तमाशाची सुरुवात गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने व्हायची. जलशाने त्या जागी माणसाला वंदन केले. गौळणीत कृष्ण गवळणींची वाट अडवायचा. बायकांची थट्टा करून हशा मिळवणारा तो भाग बाजूला पडला किंवा पार पालटला. सोंगाड्या मात्र राहिला, कारण त्याच्यावाचून रात्र सरत नाही. फक्त त्याच्या विनोदाची दिशा बदलली. बतावणीत एक जण जुन्या वळणाचा, मेलेले जनावर ओढण्यात गैर न वाटणारा. दुसरा नुकताच सभा ऐकून आलेला. पहिल्याने शंका काढायच्या आणि दुसऱ्याने उत्तरे द्यायची. पाणवठा, मृत मांस, शाळेत न जाणारी पोरे, सावकार, मत कुणाला द्यायचे, सगळे त्या सवाल-जवाबात यायचे. समोर बसलेल्या माणसाच्या मनातली शंका रंगमंचावर मोठ्याने विचारली जायची आणि तिच्यावर सगळी वस्ती मिळून हसायची. भाषणात ही सोय नसते. भाषणात वक्ता सांगतो आणि ऐकणारा आपली शंका पोटातच ठेवून घरी जातो.

आपली दहा भाषणे आणि जलसाकारांचा एक जलसा सारख्याच तोलाचा, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. ती कौतुकाने सांगितली जाते आणि तिथेच सोडून दिली जाते. खरे तर तो कामाचा हिशेब होता. एक वक्ता एका रात्री एकाच गावात असतो. जलसे मात्र एकाच रात्री दहा गावांत उभे राहू शकत होते.

कर्डकांच्याच आडनावाचा दुसरा माणूस ही परंपरा विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत घेऊन आला. वामनदादा कर्डक यांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. अक्षरओळख झाली ती मुंबईत, तरुणपणी. त्यानंतर 15 मे 2004 ला निधन होईपर्यंत ते गाणी लिहीत आणि गात महाराष्ट्रभर हिंडले. एसटीने यायचे, कार्यकर्त्याच्या घरी भाकरी खायची, रात्री गायचे आणि सकाळी पुढच्या गावाला निघायचे. त्यांची गाणी हजारोंच्या संख्येने मोजतात. त्या गाण्यांकडे विद्यापीठातल्या विभागांनी फार उशिरा पाहिले. गायन पार्ट्यांच्या वह्यांमध्ये मात्र ती आधीपासूनच उतरवून घेतलेली होती.

औरंगाबादला या परंपरेची दुसरी बाजू घडली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज इथे 1950 मध्ये सुरू झाले आणि 1 सप्टेंबर 1951 ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. तेच मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली, घराण्यात पहिल्यांदाच पाटी धरलेली मुले त्याच्या परिसरात, नागसेनवनात, राहू लागली. म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ नाटक इथलेच, आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ही याच शहरातून निघाले. दलित साहित्याचा इतिहास लिहिताना या नियतकालिकाचे नाव पहिल्या पानावर येते. पण त्या मुलांच्या कानात शब्द पहिल्यांदा कुठून पडला होता? तो गावच्या चावडीमागे, गॅसबत्तीच्या उजेडात झालेल्या गाण्याच्या कार्यक्रमातून पडला होता. कविता आणि आत्मकथने नंतर आली.

मग नामांतराचा लढा आला.

27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. गावोगाव दलितांची घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. 1979 मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. ठरावापासून नामविस्तारापर्यंत साडेपंधरा वर्षे गेली.

त्या साडेपंधरा वर्षांत बातमी आणि धीर वस्त्यांपर्यंत पोहोचत कसा होता, हे विचारायला हवे. मराठवाड्यातले त्या काळचे सर्वांत वजनदार दैनिक ‘मराठवाडा’ आणि त्याचे संपादक अनंत भालेराव नामांतराच्या विरोधात उभे होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले मोठे नेते गोविंदभाई श्रॉफही विरोधातच होते. म्हणजे ज्या दैनिकावर प्रदेशाचा विश्वास होता त्याचे अग्रलेख एका बाजूला आणि ज्यांची घरे जळाली ती माणसे दुसऱ्या बाजूला. अशा वेळी वामनदादांपासून गावोगावच्या अनाम गायन पार्ट्यांपर्यंत अनेकांनी नामांतरावर गाणी रचली. जयंतीला, परिनिर्वाण दिनाला, लग्नाच्या आदल्या रात्री, बारशालासुद्धा ती गायली गेली. सभेला परवानगी लागते, लग्नाच्या मांडवाला लागत नाही. लढा रेंगाळला, पुढाऱ्यांचे गट पडले, तरी वस्त्यांमध्ये नामांतराचा विषय थंड पडला नाही, यात या गाण्यांचा वाटा मोठा आहे.

बायकांचा वाटा तर वेगळाच सांगायला हवा. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या 1996 मध्ये गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या गटाने ध्वनिमुद्रित केल्या. त्या बायकांपुढे मंच नव्हता आणि माईकही नव्हता. आज छत्रपती संभाजीनगरातल्या कडुबाई खरात त्याच वाटेने पुढे आल्या आहेत. हातात एकतारी, तिचा एकच सूर, आणि त्या सुरावर उघडा, मोकळा, धारदार आवाज. पतीच्या निधनानंतर मुलाबाळांसाठी दारोदार गाऊन गुजराण करणाऱ्या या बाईचे गाणे कुणीतरी मोबाइलवर टिपले आणि ते महाराष्ट्रभर गेले. मग जयंतीच्या मोठमोठ्या मंचांवरून त्यांना बोलावणी येऊ लागली. आपल्या ताटातला घास आणि अंगावरचे कापड कुणाच्या पुण्याईने आले, हे त्या गातात तेव्हा सुटाबुटातला नोकरदारही खाली मान घालून ऐकतो. शिकल्यासवरल्यांना त्यांच्या देण्याची आठवण करून देणे हे चळवळीचेच काम आहे आणि इथे ते एका एकतारीवर होते.

जगात गायक चळवळीच्या मदतीला येतात, त्याची रूढ तऱ्हा वेगळी आहे. 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी एकाच दिवशी दोन मैफली केल्या. अली अकबर खाँ, अल्लारखाँ, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन एका मंचावर आले. ज्या देशाचे नाव अमेरिकेत कुणाला ठाऊक नव्हते, ते एका रात्रीत सर्वतोमुखी झाले. पुढच्या सगळ्या मदत-मैफलींनी तोच नमुना गिरवला; 13 जुलै 1985 चा ‘लाइव्ह एड’ही त्यातलाच. मात्र बांगलादेशासाठीच्या ध्वनिमुद्रिकेचे पैसे अमेरिकी करखात्याच्या कचाट्यात सापडून वर्षानुवर्षे अडकले. नामवंतांनी हाक दिली, लोकांनी तिकिटे काढली आणि पैसे दूरच्या दुःखितांसाठी गेले, अशी ही रचना. मराठवाड्यातल्या जलशात गाणारा आणि ऐकणारा दोघेही त्याच दुःखातले. तिथे तिकीट नव्हते आणि मदत दुसऱ्या कुणाला पाठवायची नव्हती.

आपल्या तऱ्हेला खरी जवळची आहे ती शेजारच्या तेलंगणाची. दोन्ही प्रदेश एकेकाळी निजामाच्याच राज्यात होते. तिथे लोकगायक गद्दर यांनी खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन ‘जन नाट्य मंडळी’चा आवाज चार दशके घुमवला. वेगळ्या राज्याच्या मागणीसाठी ‘धूम धाम’ नावाचे रात्र-रात्र चालणारे गाण्यांचे मेळे भरले. त्या मेळ्यांतून तरुणांची एक पिढी लढ्यात आली आणि 2 जून 2014 ला तेलंगण राज्य झाले. त्यानंतर सरकारने ‘तेलंगण सांस्कृतिक सारथी’ ही संस्था काढून साडेपाचशेच्या आसपास कलावंतांना पगारी नोकरीत घेतले. कलावंतांच्या घरी चूल पेटली, ही चांगलीच गोष्ट. पण काल सरकारला जाब विचारणारा गायक आज सरकारी योजनांचा प्रचार करू लागला, अशी टीकाही तिथे झाली. शाहिराचे पोट कसे भरावे आणि तरी त्याचा आवाज त्याचाच कसा राहावा, हा प्रश्न महाराष्ट्रापुढेही तसाच आहे.

कारण आपल्याकडे तर आवाजाची किंमत फार जबर वसूल झाली आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक 1944 चे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना लाखोंची गर्दी होई ती अत्रे-डांग्यांच्या वाणीने जशी, तशीच या तिघांच्या डफाने. मुंबई सरकारने त्यांच्या कार्यक्रमांवर बंदी आणलेली होती. पुढे 11 जुलै 1997 ला मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 माणसे गेली. ते पाहून शाहीर विलास घोगरे यांनी काही दिवसांतच स्वतःला संपवले. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट त्यांच्यापासूनच सुरू होतो आणि तो पुरा व्हायला चौदा वर्षे लागली.

2002 च्या गुजरात दंगलीनंतर पुण्यात उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचाचे काय झाले, तेही महाराष्ट्राने पाहिले. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून गुन्हे दाखल झाल्यावर शीतल साठे आणि सचिन माळी 2 एप्रिल 2013 ला विधान भवनासमोर येऊन, हा आमचा सत्याग्रह आहे, असे सांगत अटक झाले. शीतल तेव्हा गर्भवती होत्या; त्यांना त्याच वर्षी जामीन मिळाला. सचिन माळी आणि मंचाचेच सागर गोरखे व रमेश गायचोर यांना सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळेपर्यंत जानेवारी 2017 उजाडले. 31 डिसेंबर 2017 ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. तिच्या प्रकरणात गोरखे आणि गायचोर यांना पुन्हा, तसेच ज्योती जगताप यांना सप्टेंबर 2020 मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने अटक केली. आरोपांचा निकाल न्यायालय देईल. पण निकाल लागण्याआधीच ऐन उमेदीची वर्षे तुरुंगात जातात, तेव्हा शिक्षा झालेलीच असते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ चित्रपटात एका लोकशाहिरावर खटला चालतो, तो त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केल्याच्या आरोपावरून. चित्रपटातली गाणी संभाजी भगत यांची आणि शाहिराच्या भूमिकेत नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. तो पाहताना ज्यांना ही अतिशयोक्ती वाटली, त्यांनी याच शहराकडे पाहावे. मार्च 2023 मध्ये इथल्या राज मुंगासे या तरुण रॅपरने राज्यातल्या सत्तांतराच्या राजकारणावर रॅप केले. एप्रिलमध्ये सत्ताधारी पक्षाच्या पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला तो थेट अंबरनाथला. गाणे मोबाइलवरून राज्यभर जाते आणि त्याच्या मागोमाग तक्रारही कुठल्याही ठाण्यातून येऊ शकते. तमाशा कलावंताला जसा गावच्या पाटलाचा धाक असे, तसा आज गायकाला प्रत्येक पोलीस ठाण्याचा धाक आहे.

सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट बजावलेले आहे. गुजरातमध्ये जामनगर इथल्या सामुदायिक विवाहाच्या चित्रफितीला एका कवितेची साथ होती, म्हणून खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने 28 मार्च 2025 ला तो रद्द केला. शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर मनाच्या, समंजस माणसाच्या मापाने. हळव्या किंवा टीकेला घाबरणाऱ्या माणसाच्या मापाने नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची तरतूद वापरण्याचीही पोलिसांना आठवण दिली. हा निकाल राज्यातल्या प्रत्येक ठाण्याच्या प्रमुखाच्या टेबलावर असायला हवा. जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, तेव्हा त्यातल्या सैल व्याख्यांवर जे आक्षेप घेतले गेले, त्यांना कबीर कला मंचाचा अनुभव ठाऊक असलेला माणूस हसण्यावारी नेऊ शकत नाही.

गाण्याने कायदा बदलतो का, चळवळीच्या दावणीला बांधलेली कला शेवटी प्रचारच होते ना, असे आक्षेप घेणारे आहेत आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. गाण्याने 1978 ची जाळपोळ थांबवली नाही, हे खरे. विद्यापीठाचे नाव बदलले ते विधिमंडळाच्या ठरावाने, रस्त्यावरच्या संघटनेने आणि जिवाच्या मोलाने. गाण्यामागे संघटना नसेल तर गाणे टाळ्यांवर संपते. प्रचाराच्या आक्षेपातही तथ्य आहे. निवडणुकीच्या हंगामात उमेदवाराचे नाव घालून चाली विकणाऱ्या टोळ्या उदंड झाल्या आहेत. जुन्या चालीवर नवे नाव बसवले की काम झाले. पण जलशाची ताकद प्रश्न विचारण्यात होती. सोंगाड्या जसा जुन्या माणसाला कोंडीत पकडायचा तसा तो नव्या पुढाऱ्यालाही पकडायचा. संभाजी भगत यांची संकल्पना, जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थचे शेतकरी-नाटककार राजकुमार तांगडे यांची लेखणी आणि नंदू माधव यांचे दिग्दर्शन यांतून 2012 मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ उभे राहिले. ते गावोगाव चालले, कारण त्याने शिवाजी महाराजांच्या आणि बाबासाहेबांच्या नावावर राजकारण करणाऱ्या सर्वांनाच जाब विचारला. तो विचारताना शाहिरीची ढोलकी मंचावर हजर होती. त्याला प्रचार म्हणता येत नाही.

आता या शहराचे देणे काय, ते बोलू.

14 एप्रिलला भडकल गेटपासून क्रांती चौकापर्यंत जयंतीचा जल्लोष असतो. तो असावाच, पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून चाललेल्या समाजाने वर्षातून एक दिवस मोठ्याने नाचण्यात कुणाला खुपण्यासारखे काही नाही. पण रस्त्यावरच्या डीजेच्या भिंतीतून शब्द ऐकू येत नाहीत, छातीत फक्त दणका बसतो. ज्या वामनदादांनी शब्दासाठी जन्म घालवला त्यांचेच गाणे तिथे ठोक्याखाली गाडले जाते. मंडळाच्या जमाखर्चात डीजेच्या भाड्याचा आकडा सर्वांत मोठा आणि गायन पार्टीच्या बिदागीचा सर्वांत छोटा असतो, आणि तीही कार्यक्रमानंतर, उरल्या पैशांतून. वादक दिवसभर रंगकाम, बांधकाम किंवा रिक्षा करून रात्री साथीला बसतात. त्यांची पोरे मग पेटी शिकायला तयार होत नाहीत.

त्यात रात्री दहाचा नियम. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद ठेवणे बंधनकारक केले आणि आजारी, म्हाताऱ्या माणसांसाठी ते योग्यच झाले. मात्र रात्रभर रंगणारा भीमगीतांचा सामना, दोन पार्ट्यांचे सवाल-जवाब, हा प्रकारच त्यामुळे आटत गेला. वर्षातले ठरावीक 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार सरकारला आहे. ती सवलत मिळते तेव्हा बहुतेक वेळा मिरवणुकीचाच आवाज वाढतो. त्यातले दोन दिवस मर्यादित आवाजातल्या जलशासाठी मागून घ्यायला काय हरकत आहे?

नाट्यगृहे आहेत. महापालिकेचे संत एकनाथ रंगमंदिर आहे, सिडकोत संत तुकाराम नाट्यगृह आहे. शाहिरी आणि जलशाच्या कार्यक्रमांना महिन्यातून एक रात्र नाममात्र भाड्यात द्यावी आणि मंचावर काय म्हटले जाईल याची अट घालू नये. विद्यापीठाच्या पाठीमागे असलेल्या सोनेरी महालात सरकारी खर्चाने वेरूळ-अजिंठा महोत्सव होतो, देशभरातले शास्त्रीय गायक-वादक येतात. त्याच महोत्सवात मराठवाड्याच्या जलशाला एक संध्याकाळ, इतरांच्या बरोबरीच्या मानधनावर, मिळायला हवी. पन्नाशीनंतर राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना महिन्याला 5 हजार रुपये मानधन देते. पण गायन पार्टीतल्या ढोलकीवाल्याकडे आपण कलावंत असल्याचा कागद कुठून असणार? विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग नावाजलेला आहे. त्याच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन या पार्ट्यांच्या वह्या, चाली आणि आठवणी नोंदवून घेतल्या, तर मानधनाच्या अर्जाला पुरावाही मिळेल आणि नामांतराच्या लढ्याचा जो इतिहास कागदावर आलेलाच नाही तो हाती लागेल. ते गाणारे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. हे काम पुढच्या दशकावर ढकलता येणार नाही.

विद्यापीठ गेटवरही एक बदल लगेच करता येईल. पक्षांचे मंच राहू द्यावेत. त्यांच्याखेरीज एक मंच फक्त गायकांचा असावा, सर्व गटांनी मिळून वर्गणी काढून उभारलेला, ज्यावर कुठल्याही नेत्याच्या आगमनाने गाणे थांबणार नाही. नेत्यांनी तिथे यावे, खाली सतरंजीवर बसावे आणि ऐकावे. लोकांच्या मनात यंदा कोणता प्रश्न आहे, हे त्यांना कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा तिथे लवकर कळेल.

जयंती मंडळांच्या बैठका मार्चमध्ये सुरू होतात. वर्गणीची पुस्तके छापली जातात, अध्यक्ष निवडला जातो आणि पहिला इसार जातो तो डीजेला. यंदा त्या बैठकीत एका कार्यकर्त्याने उठून एवढे सुचवावे: पहिला इसार गायन पार्टीचा, ठरलेली बिदागी कार्यक्रमाआधी हातात, आणि पार्टीतल्या प्रत्येक वादकाचे नाव पत्रिकेवर छापलेले.